रन-फ्लॅट की साधा टायर: निवडीमागची पार्श्वभूमी

कारखान्यातूनच रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर घेऊन आलेल्या गाडीचे टायर झिजले की मालकाला हमखास प्रश्न पडतो: पुन्हा तेच महाग टायर घालायचे, की साधे ट्यूबलेस? चर्चा बहुधा किंमत आणि आराम यांवरच अडते. पंक्चर झाल्यावरही गाडी चालत राहावी म्हणून आजवर काय काय करून पाहिलं गेलं, हे माहीत असेल तर निर्णय बराच सोपा होतो. त्या प्रयत्नांतून एक गोष्ट ठळक दिसते. जे तंत्र टायरवाल्याच्या नेहमीच्या दुकानात बसलं नाही, ते गाडीवरही टिकलं नाही.

सुरुवातीला पंक्चरवर उपाय एकच, सोबत जादा चाक. वेल्समधल्या लॅनेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये बिनआऱ्यांचं, हवा भरलेला टायर चढवलेलं चाक बाजारात आणलं. ते पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने क्लॅम्पने अडकवायचं. पुढे अख्खं चाकच बोल्ट काढून बदलता येऊ लागलं आणि पाचवं चाक डिकीत कायमचं जाऊन बसलं. त्यात जागा अडते, वजन वाढतं, आणि भर पावसात वाहत्या रस्त्याच्या कडेला जॅक लावणं जिवावर बेतू शकतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये डनलॉपने ‘डेनोव्हो’ आणला. रोव्हर ३५०० आणि नंतर मिनी १२७५ जीटीवर तो मिळायचा. खरी करामत रिममध्ये होती. हवा गेली तरी टायरची कड रिमवरून सुटू नये अशी तिची घडण होती आणि आत रिमवर वंगणाच्या छोट्या डब्या बसवलेल्या होत्या. टायर दबला की डब्या फुटायच्या, वंगण आत पसरायचं आणि रबर एकमेकांवर घासून तापणं कमी व्हायचं. तेच वंगण लहान भोक बुजवायलाही मदत करायचं. ताशी ५० मैल वेगाने १०० मैल जाता येईल, असा दावा होता. पण या रिमवर दुसरा टायर चढत नव्हता आणि दुरुस्ती जाणकाराकडेच करावी लागे. नेहमीच्या टायरपेक्षा खर्च बराच जास्त. हळूहळू तो मागे पडला.

मिशेलिनचा ‘पॅक्स’ याच वाटेने गेला, फक्त जास्त दिमाखात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या पद्धतीत रिमभोवती, टायरच्या आत, एक आधारकडं असायचं. हवा गेली की गाडीचा भार त्या कड्यावर यायचा. ताशी ८८ किलोमीटर वेगाने सुमारे २०० किलोमीटर जाता यायचं, आणि आजच्या रन-फ्लॅटनाही हा आकडा सहज गाठता येत नाही. रोल्स-रॉइस फँटम, बुगाटी वेरॉन यांवर तो बसला, पण घोटाळा झाला अमेरिकेतल्या होंडा ओडिसीवर. तिच्या २००५ च्या टूरिंग मॉडेलला २३५-७१० आर ४६० ए या मापाचा टायर होता. यातला ४६० हा आकडा रिमचा व्यास, तोही इंचांत नव्हे तर मिलिमीटरमध्ये. या रिमवर बाजारातला कुठलाच दुसरा टायर चढत नव्हता. टायर उतरवायला खास मशीन लागे आणि ते मोजक्याच दुकानांत होतं. पंक्चर झाल्यावर गाडी दुकानापर्यंत पोचायची, पण दुकानात काम होत नसे. मालक कोर्टात गेले आणि २००७ मध्ये मिशेलिनने पॅक्सचा पुढचा विकास थांबवत असल्याचं सांगितलं.

टिकली ती दुसरी वाट: रिम नेहमीची ठेवायची आणि टायरची भिंतच, म्हणजे त्याची बाजूच, मजबूत करायची. गुडइयरचा असा टायर १९९४ च्या कॉर्व्हेटवर पर्याय म्हणून मिळू लागला आणि १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये तो सगळ्यांनाच देऊन स्टेपनी काढून टाकली. नव्या शतकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यूने हाच मार्ग जवळजवळ सगळ्या गाड्यांवर नेला. त्यांच्या रिमला आतल्या बाजूने थोडे जादा उंचवटे असतात, म्हणजे हवा नसतानाही कड घसरत नाही. पण अशा रिमवर साधा टायरही व्यवस्थित बसतो, आणि आजच्या निवडीला मुळात वाव आहे तो यामुळेच.

आतली रचना अशी. साध्या टायरची हवा गेली की भिंत दुमडते आणि रिम व रस्ता यांच्यात चिरडली जाते. एखाद-दोन किलोमीटरमध्ये टायर बाद. रन-फ्लॅटच्या भिंतीत आतून चंद्रकोरीच्या आकाराचा, उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर असतो. हवेविना तोच भार पेलतो. मात्र प्रत्येक फेऱ्याला तो वाकतो आणि तापतो. ताशी ८० किलोमीटर आणि ८० किलोमीटर अंतर ही प्रचलित मर्यादा या उष्णतेमुळेच आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या पुस्तिकांमध्ये हा हिशेब मोकळेपणाने दिलेला असे: एक-दोन माणसं, सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर, पूर्ण भरलेल्या गाडीला फक्त ५०. सुट्टीला चौघं आणि भरलेली डिकी घेऊन निघताना हा दुसरा आकडा धरून चालावं.

याच ताठ भिंतीमुळे एक नवी अडचण आली. हवा शून्य झाली तरी टायर उभाच दिसतो आणि स्टिअरिंगवरही फारसं जाणवत नाही. म्हणून हवेचा दाब सांगणारी टीपीएमएस यंत्रणा नसलेल्या गाडीला रन-फ्लॅट लावू नये, ही अट सौम्य करण्यासारखी नाही. फायरस्टोन टायर फुटून फोर्ड एक्सप्लोरर उलटण्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांना टीपीएमएस सक्तीची झाली. त्यामुळे रन-फ्लॅटचा रस्ताही मोकळा झाला. ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत व्हॉल्वपाशी सेन्सर असतो, दुसरी एबीएसकडून (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून) चाकाचा वेग मोजून दाबाचा अंदाज बांधते. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर रीसेट केलं नाही, तर ती चुकीचा दाब योग्य धरून गप्प बसते. रीसेट करायचं ते टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरूनच.

भारतात २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि टीपीएमएस व टायर दुरुस्ती किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. आपल्याकडचा मूळ आक्षेप खड्ड्यांचा आहे, आणि तो रास्त आहे. मऊ भिंत धक्का थोडा गिळते. ताठ भिंत तो रिमकडे ढकलते. पावसाळ्यात अलॉय रिम वाकणं, तडा जाणं, बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहणं, हे त्यातून येतं. भिंतीची उंची कमी असेल, म्हणजे मापातला मधला आकडा ४५ किंवा त्याखाली असेल, तर त्रास जास्त.

पंक्चर काढण्याबाबतही फरक आहे. साध्या ट्यूबलेसच्या ट्रेडमधला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातला, खिळा कुठल्याही नाक्यावर निघतो. रन-फ्लॅट हवेविना चालला असेल तर तो रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय दुरुस्त करू नये. आत रबराचा काळा भुगा सापडला किंवा भिंतीवर सुरकुत्यांची गोल रेघ दिसली, तर टायर टाकून द्यायचा. बाहेरून पट्टी खुपसून देणाऱ्याला हे दिसत नाही. शिवाय ताठ भिंत उतरवायला मदतीचा हात असलेलं मशीन हवं. नुसत्या पान्याने जोर लावला की टायरची कड फाटते.

शहरात फिरणाऱ्या, नाक्यानाक्यावर पंक्चरचं दुकान असलेल्या माणसाने साधे टायर घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर रात्री कुटुंबासह नियमित जाणाऱ्याला मात्र रन-फ्लॅट पैसे वसूल करून देतो. अंधारात कडेला थांबण्याऐवजी वेग ८० च्या आत ठेवून पुढच्या इंटरचेंजला उतरता येतं.

बदलायचेच ठरले तर चारही एकदम बदलावेत. एका ॲक्सलवर ताठ आणि दुसऱ्यावर मऊ भिंत आली की वळणावर गाडीचा तोल वेगळाच वागतो. भार आणि वेगाचा निर्देशांक, उदाहरणार्थ ९१ डब्ल्यू (आकडा भाराचा, अक्षर वेगाचं), मूळ टायरएवढा किंवा जास्त असावा. भिंतीवर आरएफटी, आरओएफ, एसएसआर, झेडपी यांपैकी काही असेल तर तो अनुक्रमे ब्रिजस्टोन, गुडइयर, कॉन्टिनेन्टल किंवा मिशेलिनचा रन-फ्लॅट. दुकानदाराने साधा म्हणून दिलेल्या टायरवर हे एकदा वाचून घ्यावं. अशा गाड्यांत जॅक आणि पानाही बहुधा नसतो, तेव्हा तेही घ्यावे लागतात. स्टेपनीला जागा नसेल तर कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली ठेवावी. सीलंट फक्त ट्रेडमधल्या लहान भोकावर चालतं, फाटलेल्या भिंतीवर नाही, आणि बाटलीवरची मुदत संपली की ती बदलावी लागते. आतून चिकट थर असलेले टायर हा तिसरा पर्याय. कॉन्टिनेन्टलचा असा टायर २००८ मध्ये फोक्सवॅगन पसाट सीसीवर आला. ट्रेडमधलं ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो आपोआप बुजवतो आणि नेहमीच्या रिमवर बसतो. मात्र घेण्याआधी आपल्या टायरवाल्याला तो दुरुस्त करता येतो का हे विचारून घ्यावं, कारण आत पॅच लावायचा तर त्या जागेवरचा चिकट थर आधी पूर्ण खरवडून काढावा लागतो.