भालाफेक मुख्य मैदानाबाहेर कशी गेली

कॉलेजचं मैदान मुळात गवताचं. कडेने धावायचं, मध्ये खेळायचं आणि फेकायचंही तिथेच. पुढे कडेला जळलेल्या कोळशाची भरड दाबून ट्रॅक तयार झाले. ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर ६ मे १९५४ रोजी चार मिनिटांच्या आत पहिला मैल धावला गेला, तो अशाच ट्रॅकवर, ४४० यार्डांच्या चार फेऱ्यांत. पावसात चिखल, उन्हात धूळ आणि स्पर्धेआधी पुन्हा फक्की मारणं ठरलेलं. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला सिंथेटिक ट्रॅक आला आणि ज्या कॉलेजांची ऐपत होती ती हळूहळू त्याकडे वळली.

ट्रॅक बदलला तेव्हा फारसं कुणाचं बिघडलं नाही. वाद पेटला तो मधल्या गवतावरून. ते उखडून कृत्रिम गवत घातलं की पावसाळ्यात सामने होतात, सराव दिवसभर चालतो, कापणी नाही. हे फायदे खरेच आहेत. पण कृत्रिम गवतात भाला रुतत नाही, एक तर घसरतो किंवा टोकाने ते फाडतो. ७.२६ किलोचा हातोडा, म्हणजे तारेला जोडलेला धातूचा गोळा, साध्या गवतावर पडला तर वीतभर खड्डा पडतो. त्यात माती भरली, पाणी मारलं की काही आठवड्यांत गवत पुन्हा धरतं. कृत्रिम गवताचा तेवढा तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो. म्हणून फेकीवर बंदी आली.

कागदावर मात्र कारण दिलं जातं ‘सुरक्षितता’. हा शब्द इथे फार सैल वापरला गेला आहे. १९८४ मध्ये पुरुषांचा भाला १०४.८० मीटरवर गेला तेव्हा धोका खराच होता. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे तो जिथे तोलला जातो तो बिंदू, ४ सेंटिमीटर पुढे सरकवला आणि फेकीचं अंतर कमी केलं. थाळी आणि हातोड्याच्या वर्तुळाभोवती जाळी असतेच. म्हणजे मैदान सोडायला लावलं ते धोक्यापेक्षा गवताच्या खर्चाने, आणि तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

फेकणारे मग बाहेर गेले. तिकडे बहुधा ना प्रेक्षकांचे बाक, ना दिवे. ट्रॅकवर शर्यत संपून टाळ्या पडतात, त्याच वेळी पलीकडे दोघं जण टेप ताणून भाल्याची खूण मोजत असतात. अलीकडच्या काही आराखड्यांत ट्रॅकशेजारी फेकीसाठी खऱ्या गवताचा वेगळा पट्टा आधीच राखून ठेवतात आणि भाल्याच्या धावपट्टीला ट्रॅकचंच सिंथेटिक घालतात.