नासिक, खंड सोळावा: जमिनीच्या एका जुन्या ग्रंथामागचा इतिहास

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा. तो १८८३ साली मुंबईच्या गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेसमध्ये छापला गेला. संपादक जेम्स कॅम्पबेल. पांडवलेण्यांच्या शिलालेखांवरचे पंडित भगवानलाल इंद्रजींचे काम याच खंडात आहे, म्हणून अभ्यासक तो बहुधा लेण्यांसाठी उघडतात. शहराच्या जमिनीचा माग काढणारे थेट चौदाव्या प्रकरणातल्या ‘नासिक’ या नोंदीवर जातात आणि निराश होतात. तिथे घाट, देवळे, पेठा भरपूर आहेत. जमिनीचे हाती लागते फार थोडे.

वाचायचे ते आठवे प्रकरण, जमीन-प्रशासनाचे. ते वरवर ग्रामीण वाटते, आणि मेख तिथेच आहे. सातपूर, अंबड, पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ ही तेव्हा खेडी होती. आजच्या महापालिका हद्दीतली बहुतेक जमीन त्या काळी शेतसारा भरणारी होती. त्यामुळे शहराचा जमीन-इतिहास या ग्रंथात तालुक्याच्या दराखाली दडलेला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कंपनी सरकारच्या हाती आली ती इजाऱ्याने पिळून काढलेली गावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती बोली लावून दिल्या जात. इजारदार वर्षभरात जेवढे निघेल तेवढे काढून मोकळा होई. कागदावर मात्र जुने ‘कमाल’ आकडे, म्हणजे पूर्ण साऱ्याचे आकडे, होते. नव्या अंमलदारांनी तेच धरून वसुली चालवली. पुढे धान्याचे भाव कोसळले, रोखीतला सारा तेवढाच राहिला, बाक्या तुंबल्या आणि सूट देण्याची वेळ आली. मोजमापाचाही मेळ नव्हता: मैदानात बिघे आणि चाहूर, तर पेठकडच्या डोंगराळ भागात नांगरावर आकारणी, म्हणजे औतबंदी.

आधी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी पुणे-नगरकडे करून झाली होती. पिकातून खर्च वजा जाता उरेल त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, हे तिचे तत्त्व. हिशेब अतिशय बारीक, पण त्याखालचे आकडे कारकुनांनी बसल्या जागी भरलेले. ती कोसळली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी रीत बसवली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. नाशिकच्या मैदानी तालुक्यांना ती १८४० च्या दशकात लागू झाली.

या रीतीचे गणित समजल्याशिवाय आठव्या प्रकरणातले तक्ते मुके राहतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीनंतर प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणे. शेताच्या आकृतीचे सारखे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात खणून मातीची जात व खोली पाहायची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, म्हणजे पूर्ण प्रत. खोली पाव-पाव हाताने घटली की १४, १२, १०, ८ अशी प्रत उतरते. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने धुपणे असा दोष दिसला की चौकोनात खूण करायची. एका खुणेला एक पायरी खाली. साऱ्या चौकोनांची सरासरी ही शेताची प्रत. कमाल दर मात्र मातीवरून ठरत नसे; तो हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि पूर्वीची वसुली पाहून गावांच्या गटाला लावला जाई. समजा गटाचा कमाल दर एकरी १ रुपया ८ आणे आहे, तर ८ आणे प्रतीच्या शेताला एकरी १२ आणे. हा सारा न वाढवण्याची हमी ३० वर्षांची.

ती मुदत १८७० च्या दशकात संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे आणि त्यामागोमाग इतर भाव चढले होते, थळ घाटातून रेल्वे सुरू झाली होती. फेरआकारणीत दर चढले ते याच आधारावर, आणि ते भाव टिकले नाहीत. वाढीला १८७४ मध्ये मर्यादा घातली गेली: तालुक्याला किंवा गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका खातेदाराला १००. शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. दुप्पट सारा ही ‘मर्यादा’ होती! पुढच्याच वर्षी पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले. एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची होती: १८६५ च्या मोजणी कायद्याने, कुळाने मुदतीत पदरच्या पैशाने केलेल्या सुधारणेवर, म्हणजे खणलेल्या विहिरीवर, फेरआकारणीत सारा वाढवता येत नसे. मळे-बागायतीच्या नाशिकला याचे मोल मोठे होते.

ग्रंथातून आजच्या जमिनीपर्यंत यायचे तर वाट लांब आहे, कारण तो तालुका आणि गट सांगतो, शेत सांगत नाही. आधी नावे जुळवावीत: चांदोर म्हणजे चांदवड, पेइंट म्हणजे पेठ. नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये; त्याआधीचे कागद नगर किंवा खानदेशच्या नावाने निघतात. पुढचे काम भूमी अभिलेख कार्यालयात. आकारबंदात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार, म्हणजे ठरलेला सारा, मिळतो. प्रतबंदीचा तपशील प्रतिबुकात, मोजणीचा टिपणात. क्षेत्र ‘३-२०’ लिहिलेले असेल तर ते तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, ३.२० वाचून पुढची सगळी बेरीज बिघडते. पोटखराबा, म्हणजे शेतातली लागवडीला न येणारी जमीन, वेगळा दाखवलेला असतो, तो लागवडीत धरू नये. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर). जिथे १९४७ च्या कायद्याखाली तुकड्यांचे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय जुना नंबर सातबारावर शोधू नये. सातबाराच मुळात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरचा, तेव्हा १८८३ च्या ग्रंथात मालकाचे नाव सापडणार नाही.

गावठाणाची गोष्ट वेगळी. जुन्या नाशकातला वाडा शेतसाऱ्याच्या मोजणीत बसत नाही. त्याच्यासाठी नगर भूमापनाची चौकशी नोंदवही, सनद आणि मालमत्ता पत्रक पाहावे. पंचवटीसारख्या देवस्थानांच्या भागात आणखी एक पदर असतो, इनामाचा, म्हणजे साऱ्याच्या सवलतीने दिलेल्या जमिनीचा. इनामे तपासायला १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, १८६३ च्या कायद्यांनी पुष्कळ खासगी इनामे नजराणा ठरवून कायम झाली. देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये येते आणि परवानगीवाचून त्याची विक्री होत नाही. जुन्या नोंदीत ‘इनाम’ एवढाच शब्द पाहून वर्ग गृहीत धरणे महागात पडते.

प्रत घ्यायची असेल तर तीन पुस्तकांची गल्लत टाळावी: १८८३ ची मूळ आवृत्ती, शासनाने काढलेले तिचे प्रतिमुद्रण आणि १९७५ चे सुधारित जिल्हा गॅझेटिअर. तिसऱ्याचा मजकूरच निराळा आहे. केवळ वाचनासाठी प्रतिमुद्रण किंवा शासनाची संगणकीय आवृत्ती पुरते. संगणकीय आवृत्तीत अपूर्णांक आणि तक्त्यांचे रकाने मात्र छापील पानाशी ताडून घ्यावेत. मूळ प्रतीत आधी जिल्ह्याचा घडीचा नकाशा आहे का ते पाहावे. जुन्या प्रतींतून सर्वांत आधी नाहीसा होतो तो नकाशा, आणि उरला तरी घडीच्या कोपऱ्यांवर फाटलेला असतो. शिवणीजवळ कसरीची भोके, पावसाळी दमटपणाचे तांबूस डाग हे नेहमीचे. फाटल्या घडीला सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरावी, आणि स्कॅन करताना पुस्तक सपाट दाबू नये, नाहीतर ठिसूळ कागद शिवणीपाशीच तुटतो.