जाळलेल्या पूर्वजांचा माग

युक्रेनच्या झितोमिर भागात कोर्चाक नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या मडक्यांमुळे हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जाऊन बसले. मडक्यांत तसे नाव काढण्यासारखे काही नाही. चाकावर न घडवता हाताने थापलेली, जाडीभरडी, बहुतेकदा काठावर साधी रेघसुद्धा नसलेली. घरे म्हणजे जमिनीत अर्धवट खणलेल्या चौकोनी खोल्या आणि एका कोपऱ्यात दगडांची भट्टी. माणूस मेला की त्याला जाळायचे, राख आणि हाडांचे तुकडे खड्ड्यात किंवा असल्याच एखाद्या मडक्यात ठेवायचे. सहाव्या शतकातल्या स्लाव लोकांची मागे राहिलेली मालमत्ता जवळपास एवढीच.

आणि याच लोकांची भाषा दोनशे वर्षांत जर्मनीतल्या एल्बे नदीपासून ग्रीसपर्यंत पोहोचली. बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस त्यांच्या एकमेकींपासून दूर दूर असलेल्या दरिद्री झोपड्यांचे वर्णन करतो. ५८२ मध्ये अवारांनी, म्हणजे गवताळ मैदानांतून आलेल्या घोडेस्वार टोळ्यांनी, सिर्मियम हे बायझंटाइनांचे सरहद्दीवरचे शहर घेतले आणि डॅन्यूबची सरहद्द खिळखिळी झाली. ६२६ मध्ये अवारांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून हल्ला करणारे स्लावच होते. आज रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन अशा स्लाव भाषा बोलणारे लोक ३० कोटींच्या आसपास आहेत.

आता प्रश्न असा, की माणसे गेली की नुसती भाषा गेली? अनेक अभ्यासकांचे म्हणणे होते की एवढी माणसे येणार कुठून. मूठभर लोक आले असतील आणि स्थानिकांनीच त्यांची बोली आणि राहणी उचलली असेल. भाषाशास्त्राकडे मूळ ठिकाणाविषयी काही धागे होते. त्यातला एक मला फार आवडतो. बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि येताना नावही घेऊन आला. स्लाव भाषांत बीच या झाडाचे नाव असेच उसने, जर्मानिक भाषांतून आलेले आहे. म्हणजे जिथे बीच उगवत नाही अशा, त्याच्या पूर्वसीमेपलीकडच्या मुलखात हे लोक राहत असणार, असा तर्क पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ रोस्ताफिन्स्की यांनी १९०८ मध्ये मांडला. तर्क सुरेख होता, पण एका झाडाच्या नावावर किती भार टाकायचा?

हाडांतला डीएनए तपासावा, तर हाडे जाळलेली. चितेच्या आचेत डीएनए उरत नाही. भारतात उष्ण हवेने घात केला: राखीगढीत हाडे होती, तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांना खूप नमुने तपासून २०१९ मध्ये एकाच स्त्रीचा जनुकसंच मिळवता आला. पूर्व युरोपात थंडी होती, पण हाडेच नव्हती. म्हणून संशोधक मेलेल्यांना सोडून जिवंत पुरुषांकडे वळले.

वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असते आणि बापाकडून मुलाकडे जाते. बाकीची गुणसूत्रे दर पिढीला पत्त्यांसारखी पिसली जातात. वायचा बहुतेक भाग मात्र पिसला जात नाही, त्याची नक्कल उतरते. पोथीची उतरायची तशी. लेखनिकाच्या हातून एखादी मात्रा सुटते आणि त्या प्रतीवरून पुढे होणारी प्रत्येक नक्कल ती चूक इमानाने उतरवून घेते. कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून आली हे पोथ्यांचे अभ्यासक सामाईक चुकांवरून ओळखतात. इथेही तेच. वायमध्ये सहा कोटींच्या आसपास अक्षरे आहेत. त्यातल्या नीट वाचता येणाऱ्या एक कोटी अक्षरांत साधारण सव्वाशे वर्षांत एक नवी चूक पडते. दोन पुरुषांच्या वायमध्ये सामाईक चुका सोडून प्रत्येकाच्या स्वतःच्या सोळा-सोळा चुका निघाल्या, तर दोघांचा समान पूर्वज अंदाजे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

अशा चुकांवरून पुरुषांची जी कुळे पडतात, त्यांतली तीन स्लाव प्रदेशात भरपूर दिसतात: आर१ए कुळाच्या एम४५८ आणि झेड२८० या शाखा, आणि आय२ए कुळाची एक शाखा. आर१ए म्हटले की आपल्याकडे लगेच कान टवकारले जातात, कारण भारतातही हे कूळ मोठे आहे. व्हॉट्सॲपवर त्यातून रशियन आणि आपण सख्खे भाऊ असल्याचे निरोप फिरतात. नाते खरे आहे, पण चुलत. भारतातली शाखा झेड९३, पूर्व युरोपातली झेड२८२, आणि दोघी पाचएक हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेव्हा स्लाव नावाचे कोणी नव्हते. स्लावांच्या स्थलांतराशी आपला काही संबंध नाही.

खरी गंमत आय२एची आहे. आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागात, बोस्नियाच्या दक्षिणेकडच्या हर्जेगोविनातल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत हे कूळ सापडते. क्रोएशियातल्या दालमेशियाच्या किनाऱ्यावरही ते भरपूर आहे. २००५ च्या सुमारास संशोधकांनी निष्कर्ष काढला की हे इथलेच मूळचे कूळ, हिमयुगात बाल्कनच्या डोंगरांत आसरा घेतलेल्या शिकाऱ्यांचे. स्थानिक राष्ट्रवादाला हे पथ्यावरच पडले. आम्ही कुठून आलो नाही, आम्ही इथलेच.

चूक कुठे झाली? कोकणातली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. तीस घरे, सगळी एका आडनावाची. त्यावरून ते घराणे सृष्टीच्या आरंभापासून तिथेच आहे असे कोणी म्हणत नाही. कधीतरी एक पुरुष आला, त्याला पाच मुलगे झाले, जमीन मिळाली, वाडी भरली, एवढाच त्याचा अर्थ. संख्या जिथे जास्त तिथे मूळ, असे नसते. मूळ शोधायचे तर वैविध्य पाहावे लागते, म्हणजे एकाच कुळाच्या जुन्या, एकमेकींपासून दुरावलेल्या उपशाखा कुठे शेजारी शेजारी नांदतात ते. आय२एच्या या शाखेचे तसे वैविध्य बाल्कनपेक्षा उत्तरेला, कार्पेथियन पर्वतांपलीकडे जास्त निघाले.

दुसरी अडचण घड्याळाची. त्या काळी सगळी अक्षरे वाचणे परवडत नव्हते. मोजायचे ते एवढेच, की वायवरच्या ठरावीक जागी तोच छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा येतो. हे आकडे किती वेगाने बदलतात याचे दोन अंदाज प्रचलित होते आणि दोहोंत जवळपास तिपटीचा फरक. मंद घड्याळ लावले तर वय हजारो वर्षांनी फुगे. पुढे पूर्ण वाचन स्वस्त झाले, तेव्हा दिसले की आय२ए कूळ खरोखर प्राचीन, युरोपातल्या शिकाऱ्यांचेच. पण आज स्लावांत दिसणारी त्याची शाखा बराच काळ एकटीच चालत आली आणि दोनएक हजार वर्षांपूर्वी एकदम फुटली. एखादे झाड सरळसोट वाढावे आणि शेंड्याला झुबका यावा, तसे. बोस्नियापासून युक्रेनपर्यंत पसरलेले लक्षावधी पुरुष त्या सुमाराच्या एकाच माणसाचे वंशज आहेत.

जिवंत माणसांचा नकाशा आणखी एका तऱ्हेने फसवतो. २००५ मध्ये वायच्या अभ्यासात पोलंड आणि जर्मनी यांच्यातली राजकीय सीमा जनुकांतही ठळक उमटलेली दिसली. कोणाला वाटावे, सहाव्या शतकाचा ठसा! पण ती रेघ १९४५ नंतरची आहे. युद्धानंतर त्या पट्ट्यातल्या जर्मनांना हाकलले आणि पूर्वेकडचे पोलिश लोक तिथे आणून वसवले. सहाव्या शतकावर विसावे शतक सांडले होते.

तरीही या पद्धतीने एक नेम बरोबर धरला होता. २००७ मध्ये वायवरच्या त्याच छोट्या तुकड्यांवरून पोलिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने स्लावांचे मूळ ठिकाण मध्य नीपर नदीच्या खोऱ्यात दाखवले. कोर्चाकही त्याच बाजूचे.

मग प्राचीन डीएनए हाती येऊ लागला. स्लावांनी आपली माणसे जाळली तरी त्यांच्या आधीच्यांनी आणि नंतरच्यांनी पुरली होती. २०२३ मध्ये बाल्कनमधल्या पहिल्या सहस्रकातल्या १३६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले कितीतरी सर्बियातल्या विमिनाकियम या रोमन छावणीच्या शहरातले. तिथे एक किशोरवयीन मुलगा पुरलेला आहे, शेजारी गरुडाचे चित्र असलेला तेलाचा दिवा. त्याचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. रोमन साम्राज्य काय चीज होती ते या एका थडग्यात कळते. तिथे अनातोलियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले लोक आहेत, गवताळ मैदानांतले आहेत, उत्तरेचे आहेत. ज्यांना बाल्कनचे मूळ रहिवासी मानले होते, त्या आय२ए शाखेचे पुरुष मात्र रोमन काळात जवळजवळ नाहीतच. ते येतात रोमन सत्ता गेल्यावर, पूर्व युरोपीय वारशाच्या लोकांबरोबर. आजच्या बाल्कन लोकांत हा वारसा ३० ते ६० टक्के आहे. उरलेला आधीच्यांचा: ई-व्ही१३सारखी जुनी बाल्कन पितृकुळे आजही तिथे आहेत, फक्त त्यांचे वारस आता सर्बियन किंवा बल्गेरियन बोलतात. उत्तर रशियातही तसेच. तिथे एन कुळाचे, फिनिशच्या नात्यातल्या फिनो-उग्रिक भाषा बोलणाऱ्या पूर्वजांचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रशियन बोलत आले आहेत. म्हणून स्लाव जनुक असे काही शोधायला जाऊ नये.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ५५५ प्राचीन जनुकसंचांचा अभ्यास आला. पूर्व जर्मनी, पोलंड आणि क्रोएशिया इथे सहाव्या ते आठव्या शतकांत जुन्या लोकसंख्येचा ८० टक्क्यांहून अधिक जनुकीय वाटा बदलला, आणि नवे लोक दक्षिण बेलारूस ते मध्य युक्रेन या पट्ट्यातल्या लोकांशी जुळणारे होते. म्हणजे माणसे गेली होती. आणि नुसते लढवय्ये पुरुष नव्हे. जनुकांत स्त्री-पुरुष दोघांचा वाटा सारखा दिसतो. कुटुंबेच्या कुटुंबे निघाली होती.

पूर्व जर्मनीतल्या दफनभूमींत तर अनेक पिढ्यांच्या वंशावळी जुळवता आल्या. बाप, मुलगा, नातू एकाच ठिकाणी, एकच वाय. मुली मोठ्या झाल्या की बहुधा दुसऱ्या गावी नांदायला जात आणि सुना बाहेरून येत. असल्या समाजात मोजकीच पितृकुळे झपाट्याने का फोफावतात हे त्यातून उलगडते: गाव मुलग्यांचे, नव्या जमिनीवरची पुढची वस्तीही मुलग्यांचीच. त्या सुना कुठून आल्या ते त्यांच्या मुलांच्या वायमध्ये कुठेच लिहिलेले नाही. त्यासाठी त्यांचीच हाडे वाचावी लागली.