अफवा, खोटी माहिती आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

खोट्या माहितीने होणारी हानी रोखताना नागरिकांचा बोलण्या-लिहिण्याचा हक्क कुठवर आवळता येतो, हा भारतीय घटनाकायद्यातला एक जिवंत वाद आहे. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतो. १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो, पण ठरावीक कारणांसाठीच: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. या यादीत 'असत्य' हा शब्द नाही. एखादी गोष्ट खोटी आहे एवढ्यावर सरकारला ती बंद पाडता येत नाही. तिच्यामुळे यादीतली एखादी हानी होते, हे दाखवावे लागते.

हानी किती खरी असते, ते महाराष्ट्राने राईनपाड्याला पाहिले. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील या गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीवर पोट असलेले पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्याआधी मोबाइलवरून पसरत होते. संशय आला, गर्दी जमली आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पाचही जणांना जिवे मारले गेले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. पिढ्यान्‌पिढ्या परक्या गावांत भिक्षा मागत फिरणाऱ्या माणसांवर 'अनोळखी' हा शिक्का आधीच बसलेला असतो. अफवा कोसळली ती नेमकी त्यांच्यावर.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम केलेली. तिच्यात मोटारसायकल परत येते, मुलाला खाली ठेवले जाते आणि एक फलक दाखवला जातो. भारतात फिरलेल्या तुकड्यातून शेवटचा हा भाग कापलेला होता. पडद्यावर दिसते ते कुणी संगणकावर बनवलेले नव्हते, तरी अर्थ पूर्ण खोटा होता. 'खोटे' या शब्दाची कायद्यात बसेल अशी व्याख्या करणे का अवघड जाते, ते या कापलेल्या सेकंदांवरून कळते.

पण निर्बंधाचे हत्यार कुणावर चालते, याचाही धडा महाराष्ट्रातलाच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर शंका व्यक्त केली म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ती नोंद 'लाइक' केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यात वापरलेले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या काढल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी सोसायच्या; कायद्याचा हात तिसरीपाशी पोहोचतो.

पुढची मोठी लढाई मुंबई उच्च न्यायालयात झाली. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, असे सरकारनेच नेमलेला तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. तसे ठरल्यावरही समाजमाध्यम कंपनीने तो मजकूर ठेवला, तर इतरांच्या लिखाणासाठी तिला जबाबदार न धरण्याचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. कोणती कंपनी वापरकर्त्याच्या एका नोंदीसाठी असा धोका पत्करेल? आदेश न देताही मजकूर उतरवला जाईल, अशीच ही रचना होती. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आदींनी नियमाला आव्हान दिले.

३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. २० मार्चला केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मतभेद सोडवण्यासाठी प्रकरण गेले ते तिसरे न्यायाधीश अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि नियम कोसळला. 'बनावट, खोटा, दिशाभूल करणारा' हे शब्द मोघम आहेत आणि नागरिकाला फक्त सरकारमान्य सत्यच मिळावे याची जबाबदारी राज्यसंस्थेवर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्तुत लेखकालाही हाच निकाल योग्य वाटतो. स्वतःविषयीच्या आरोपाचा निवाडा सरकारने स्वतःच करायचा, तर तक्रार कोण करणार?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हा प्रश्न जिवाशी आला. लोक ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी समाजमाध्यमांवर टाहो फोडत होते आणि काही ठिकाणी अशा हाकांना अफवा म्हणून दडपण्याची भाषा सुरू झाली. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अशा तक्रारी दाबल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. त्या दिवसांत कुणाच्या हाकेत एखादा तपशील चुकलाही असेल. पण हाक मारण्याआधी पडताळणीची अट घातली असती, तर कित्येकांनी तोंडच उघडले नसते.

फौजदारी कायदा नि:शस्त्र नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ लोकांत भीती वा वैर पसरवणाऱ्या खोट्या माहितीला आणि अफवांना शिक्षा सांगते. माहिती खरी मानायला वाजवी कारण होते आणि ती सद्भावनेने, दुष्ट हेतूविना पुढे पाठवली, तर मात्र गुन्हा होत नाही. लेकराच्या काळजीने संदेश पुढे ढकलणाऱ्या आईला हा अपवाद वाचवू शकतो. पोलिसांनी तो रोज आठवावा इतका मोलाचा आहे.

तोंड बंद न करता वेग कमी करण्याचा मार्गही आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. तिसरा मार्ग उत्तराचा. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर समजून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला मारले. लगेच घटनेला धार्मिक रंग चढवणारे संदेश सुटले. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. कुणालाही न अडवता सरकारने दिलेले हे उत्तर होते.

उत्तर कोणत्या भाषेत येते, यालाही महत्त्व आहे. साक्रीच्या पट्ट्यात बाजारातली कुजबुज अहिराणीत, भिलीत चालते. सरकारी खंडन इंग्रजी-हिंदीत आणि तेही मोबाइलच्या पडद्यावर येते. आठवडे बाजाराच्या सकाळी पोलीस पाटलाने भोंग्यावरून, तिथल्याच बोलीत, 'टोळीबिळी कुठंच नाही' एवढे सांगायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.