बुटक्या शेळीचं दूध पाणचट? उलट आहे!

शेळी बुटकी, म्हणून दूधही पाणचट, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रत्यक्षात नायजेरियन ड्वार्फ या बुटक्या जातीच्या शेळीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ टक्के असतो, वेताच्या (दूध देण्याच्या काळाच्या) अखेरीस त्याहूनही जास्त. धिप्पाड सानेन जातीच्या शेळीच्या दुधात जेमतेम ३.५ टक्के. गैरसमजाचं मूळ बहुधा सायीत आहे. शेळीच्या दुधातले स्निग्धकण बारीक असतात आणि त्यांना एकत्र बांधणारं प्रथिन जवळपास नसतंच. त्यामुळे साय चटकन वर येत नाही आणि दूध पातळ वाटतं.

अर्थात, नुसत्या टक्केवारीवर भाळू नये. बुटकी दिवसाला १-२ लिटर देते, सानेन ३-४. एकूण स्निग्धांशात मोठीच पुढे जाऊ शकते.