निरंतर वैद्यकीय शिक्षण (ठाणे व नवी मुंबई परिसर)

पदवी आणि नोंदणी मिळाल्यावर डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व तंत्रज्ञ यांनी नोकरी-व्यवसाय सांभाळत घेत राहायचे शिक्षण म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण. बोलताना सगळे त्याला 'सीएमई' म्हणतात, परिचारिकांच्या वर्गाला 'सीएनई'.

डॉक्टरांच्या आचारसंहितेने (2002) दर पाच वर्षांत किमान 30 तासांच्या अशा शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पॉइंट देणाऱ्या कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आधी घ्यावी लागते आणि परिषदेचा निरीक्षक प्रत्यक्ष हजर राहतो. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेले प्रमाण पाच वर्षांत 150 तास असे आहे. औषधनिर्मात्यांना 2015 च्या नियमांनुसार त्याच मुदतीत एकेका दिवसाचे किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. ही सगळी मोजणी हजेरीची आहे. हात किती तयार झाला हे तीत दिसत नाही आणि आखणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात शिकवणाऱ्या संस्थांची वानवा नाही. कळव्यात ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय व छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नेरूळ आणि कामोठ्यात खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तर खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र. ठाण्याचे मनोरुग्णालय तर 1901 पासूनचे. ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र शहापूर-मुरबाडची प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. व्याख्याने वाशी-ठाण्याच्या सभागृहांत होतात आणि पहिली कसोटी लागते ती किन्हवली-टोकावड्याकडच्या रात्रपाळीत.

कार्यक्रम आखण्याची रूढ पद्धत अशी : आधी वक्ता ठरतो, मग हॉल, मग विषय. हा क्रम उलटा हवा. आधी केसपेपर आणि रेफरची (मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांची) नोंदवही काढावी, मागच्या पावसाळ्यात रुग्ण कुठे अडले ते पाहावे आणि त्यावरून विषय धरावा.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ, कारण पावसाळ्यात या जिल्ह्याला त्याच्याशी गाठ पडतेच. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठेनासे होऊ शकते. ते तपासायला यंत्र लागत नाही. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलि रक्त घ्यायचे, नळी न हलवता 20 मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे. हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण चुका करताना होतात. हाताशी असते म्हणून प्लास्टिकची नळी घेतली जाते. रक्त गोठायला काचेचा स्पर्श लागतो, म्हणून प्लास्टिकमध्ये निकाल फसवा येतो. साबणाने धुतलेल्या नळीचेही तेच. 'बघू या झालं का' म्हणून कुणी पाचव्या मिनिटाला नळी हलवते. पडद्यावरच्या चित्राने या सवयी सुटत नाहीत. प्रत्येकाच्या हाती नळी द्यावी आणि ती 20 मिनिटे सगळ्यांनी खरोखर थांबावे. तेवढ्या वेळात मण्याराबद्दल बोलून होते : जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून येतो, दंशाची खूण सापडत नाही, पापण्या मात्र जड होऊ लागतात. लहान मुलाला प्रतिविष कमी द्यायचे, हा गैरसमजही याच वेळी काढता येतो. सापाने ओतलेले विष मुलासाठी कमी नसते, म्हणून मात्रा मोठ्या माणसाइतकीच.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. वर्ग इंग्रजीत होतो, आणि पहाटे कातकरी वा ठाकूर बाईला विचारायचे असते, "डोळं उघडाया जड वाटतंय का?" हा संवाद वर्गात एकमेकांत बोलून घेतला नाही, तर लक्षणाचे इंग्रजी नाव पाठ असूनही प्रश्न तोंडातून येत नाही. नवी मुंबईच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टरही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी असा सराव दुप्पट मोलाचा.

कोकणाला या शिक्षणाची मोठी परंपराही आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग करून पाहिला आणि 1980 च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्ञान मोठ्या शहरातून खेड्याकडेच वाहते, ही समजूत सोडायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. तालुक्याच्या डॉक्टरला श्रोत्यांतच न बसवता व्यासपीठावर बोलवावे.

वेळ ही दुसरी मोठी अडचण. खासगी डॉक्टरची संध्याकाळची ओपीडी चुकत नाही, म्हणून सीएमई रविवारी ठेवतात. परिचारिकांना तो रविवार नसतोच. रात्रपाळी करून, ओव्हर देऊन (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवून) कल्याण-कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या सिस्टरला दुपारी वर्गाला थांबवणे अन्यायाचे आहे. ती डुलक्या घेते आणि पॉइंट मिळवून जाते. त्यापेक्षा ओव्हरच्या वेळेला जोडून वॉर्डातच 15 मिनिटांचा एकेक विषय घ्यावा, तोच तिन्ही पाळ्यांना मिळावा आणि तो ड्यूटीत धरला जावा. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा सराव यासाठी अगदी योग्य : मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटे केल्याखेरीज ती दमछाक कळत नाही, आणि काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. वॉर्डातल्या मावशी-मामांना, म्हणजे मदतनिसांना, पॉइंट नसतात, म्हणून त्यांना वर्गाबाहेर ठेवले जाते. पुष्कळदा रुग्णाजवळ पहिले तेच पोचलेले असतात.

खर्च बहुधा औषध कंपन्या उचलतात. 2009 मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती होऊन डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेण्यावर बंदी आली. मार्च 2024 च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांना असे कार्यक्रम परदेशात घेण्यास मनाई केली. विषयपत्रिका आयोजकांनी स्वतःच्या हाती ठेवावी, हे बंधन मात्र ज्याचे त्यालाच पाळावे लागते.

परिणाम मोजायचा तर अभिप्रायाचा कागद फारसा कामाचा नाही. जेवण चांगले असले की तोही चांगला येतो. अशा सभांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने एकत्र आढावा घेतला, तेव्हा उपचारांच्या पद्धतीत साधारण 6 ते 7 टक्क्यांची सुधारणा दिसली. ती थोडी आहे, पण शेकडो रुग्ण पाहणाऱ्या केंद्रात थोडीही मोजावी अशीच. त्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा केंद्रावर जावे, सर्पदंशाचे केसपेपर काढावेत आणि दोन गोष्टी पाहाव्यात : रक्त नळीत घेतल्याची वेळ लिहिली आहे का, आणि 20 मिनिटांनंतरची नोंद आहे का. नसेल तर आधी कपाट उघडून काचेच्या नळ्या आहेत की नाहीत ते बघावे.