ऑड्रे ज्युनियरची सख्खी भावंडे

१९६० साली रॉजर कॉर्मन या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला सेट अजून मोडला नव्हता. त्यावरच मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकले आणि एकूण खर्च सुमारे ३० हजार डॉलरवर भागला. लॉस एंजलिसच्या गरीब वस्तीतील फुलांच्या दुकानात राबणारा सिमोर एक अनोळखी रोपटे जोपासतो. मरगळलेले ते रोपटे त्याच्या बोटातले रक्त मिळताच तरारते, पुढे बोलू लागते, खायला मागते आणि शेवटी माणसे गिळू लागते. त्याचे नाव ऑड्रे ज्युनियर. बटरवर्ट आणि व्हीनस फ्लायट्रॅप या दोन कीटकभक्षी वनस्पतींच्या संकरातून ते निपजले असावे, असे चित्रपटात सांगितले जाते. हे एक वाक्य वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे.

असा संकर होणे शक्य नाही. फ्लायट्रॅप ज्या गणात, म्हणजे वनस्पतिकुळांच्या ज्या मोठ्या गटात मोडतो, त्याच गणात राजगिरा आणि फड्या निवडुंग येतात, तर बटरवर्टच्या गणात तुळस आणि तीळ आहेत. या दोन शाखांची फारकत दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी झालेली आहे, त्यामुळे त्यांचा संकर म्हणजे तुळशीचा राजगिऱ्याशी संकर करण्यासारखे आहे. कीटक पकडण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे साधली, आणि मला तर हेच त्या कल्पित संकरापेक्षा अधिक विलक्षण वाटते. मराठी वाचकासाठी त्यात आणखी एक आनंदाची गोष्ट दडलेली आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू ही वनस्पती फ्लायट्रॅपच्या कुळातली आहे आणि तिच्याच शेजारी निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा अंथरणारी सीतेची आसवे ही बटरवर्टच्या कुळातली. म्हणजे ऑड्रे ज्युनियरच्या दोन्ही कल्पित जन्मदात्यांची भावंडे एकाच कातळावर नांदत आहेत.

त्यांना कीटक कशासाठी लागतात, याचे उत्तर त्या कातळातच आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम असतो आणि त्यातले क्षार पावसाने धुऊन जातात. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या ज्या किनारी पट्ट्यात फ्लायट्रॅप निसर्गतः उगवतो, तिथली ओलसर, रेताड, आम्ल जमीनही अशीच निकस आहे. या वनस्पती हिरव्या आहेत, साखर त्या उन्हात स्वतःच तयार करतात; तुटवडा असतो तो नत्र आणि स्फुरदाचा, आणि तोच त्या कीटकांच्या शरीरातून भरून काढतात. या दृष्टीने पाहिले तर सिमोरच्या रक्ताचे थेंब अगदीच अशास्त्रीय नाहीत. रक्तात प्रथिने भरपूर असतात, प्रथिनांत नत्र असतो, आणि कत्तलखान्यातील रक्त वाळवून केलेली पूड नत्रयुक्त खत म्हणून शेतीत वापरली जाते. मात्र खऱ्या फ्लायट्रॅपला घास झेपेल एवढाच द्यावा लागतो. भक्ष्य फार मोठे असले, तर सापळा नीट मिटत नाही, आत जिवाणू वाढतात आणि ते पान काळे पडून सडते.

हे पान जवळून पाहण्यासारखे आहे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या दोन पाळ्या, कडेला काटेरी झालर आणि प्रत्येक पाळीच्या आत बहुधा तीनच बारीक केस. माशी त्यातल्या एका केसाला लागली की पानात विजेचा एक संदेश उमटतो. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ साली हा संदेश मोजून दाखवला, तोही डार्विनच्या सांगण्यावरून. एका स्पर्शाने मात्र काहीच घडत नाही. पेशींमधील कॅल्शियमची पातळी चढते आणि हळूहळू ओसरू लागते. ती ओसरण्याआधी, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत, दुसरा स्पर्श झाला तरच पाळ्या मिटतात. पावसाच्या एखाद्या थेंबाने किंवा उडत आलेल्या कचऱ्याने सापळा वाया जाऊ नये, याची ही तजवीज आहे. आत सापडलेला जीव धडपडू लागला की संदेशांची संख्या वाढत जाते आणि पाचेक स्पर्शांनंतर पाचकरस तयार होऊ लागतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरीही हे पान मोजते आणि मोजलेले काही काळ लक्षात ठेवते. बोलणाऱ्या ऑड्रेपेक्षा हे मोजणारे पान मला कितीतरी अधिक थक्क करते.

पाळ्या मिटायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. त्या स्नायूंनी हलत नाहीत; उघड्या अवस्थेत बाहेरच्या बाजूला वाकलेल्या पाळ्या ताणलेल्या असतात आणि पेशींतील पाणी थोडे सरकले की त्यांचा बाक एकदम उलटा होतो. माणूस गिळणारे झाड का असू शकत नाही, याचे एक कारण इथेच सापडते. पेशी-पेशींतून पाणी झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पानाऐवजी पाच सेंटिमीटर जाडीचा जबडा घेतला, तर जाडी शंभर पट होते आणि पाणी सरकायला लागणारा वेळ दहा हजार पट. म्हणजे एका सेकंदाचे काम पावणेतीन तासांवर जाते. तेवढ्या वेळात कोणीही चालत निघून जाईल.

उलट सापळा जितका लहान, तितका तो चपळ असू शकतो, आणि या बाबतीत सीतेच्या आसवांच्या जातीने सर्वांवर मात केली आहे. तिच्या ओल्या मातीतल्या तंतूंना मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे लागलेले असतात. फुगा आतले पाणी बाहेर काढून टाकतो, त्याच्या भिंती आत खेचल्या जातात आणि तोंडाशी एक झडप घट्ट बसलेली असते. सूक्ष्म जलजीव झडपेजवळच्या केसांना लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. याच जातीच्या, पण पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींमध्ये ही क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपत असल्याचे वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवले आहे.

चित्रपटाच्या शेवटी ऑड्रेच्या कळ्या उमलतात आणि प्रत्येक फुलात एका बळीचा चेहरा दिसतो. खरा फ्लायट्रॅप आपले पांढरे फूल सापळ्यांपासून दूर, लांब दांड्यावर उंच धरतो. परागीभवन करणारे कीटक त्याच्या सापळ्यांत क्वचितच आढळतात. सीतेच्या आसवांचीही मांडणी अशीच आहे. फुले वर वाऱ्यावर डोलतात, मधमाश्या त्यांच्यावर निर्धास्त येऊन जातात आणि शिकार चालते ती खाली, चिखलात, पावलाखाली सहज चिरडल्या जाणाऱ्या त्या इवल्या फुग्यांत.